पिंजरा, शिडी आणि अंतर : ‘लॉड टुडे!’ ही कादंबरी व टपालकामाचे उपनगरांकडे स्थलांतर

बीजसंज्ञा : रिचर्ड राइट, कृष्णवर्णीय अमेरिकन साहित्य, शिकागो, टपाल कामगार, उपनगरीकरण, रोजगार.

प्रस्तावना

अमेरिकेतील मोठ्या शहरांच्या मध्यवर्ती टपाल कार्यालयांतून टपालाची वर्गवारी आणि पार्सलांची हाताळणी ही कामे १९७०च्या दशकापासून शहराबाहेरच्या विस्तीर्ण, बैठ्या केंद्रांकडे सरकत गेली. या घटनेचा विचार बहुधा व्यवस्थापनशास्त्र, अर्थशास्त्र किंवा नगररचनाशास्त्र यांच्या चौकटीत होतो. साहित्याच्या अभ्यासकाचा तिच्याशी काही संबंध असावा, असे सहसा मानले जात नाही. परंतु ज्या शहरांतून हे काम बाहेर गेले, त्यांपैकी शिकागोचे टपाल कार्यालय हे एका महत्त्वाच्या कादंबरीचे घटनास्थळ आहे. रिचर्ड राइट यांची ‘लॉड टुडे!’ ही ती कादंबरी होय. ती १९३०च्या दशकात लिहिली गेली. त्या काळी प्रकाशकांनी ती नाकारली आणि राइट यांच्या १९६० मधील निधनानंतर, १९६३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. म्हणजे टपालकाम शहराबाहेर जाण्याच्या थोडे आधी ती वाचकांच्या हाती आली.

मराठी वाचकाला राइट हे प्रामुख्याने ‘नेटिव्ह सन’ (१९४०) आणि ‘ब्लॅक बॉय’ (१९४५) या ग्रंथांचे लेखक म्हणून परिचित आहेत. डॉ. जनार्दन वाघमारे यांच्या लेखनाने कृष्णवर्णीय अमेरिकन साहित्याची ओळख मराठीत रुजवली. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने ‘ब्लॅक पँथर’ चळवळीवरून आपले नाव घेतले, तेव्हापासून या साहित्याकडे विद्रोहाचे साहित्य म्हणून पाहण्याची दृष्टी आपल्याकडे स्थिर झाली. ही दृष्टी योग्यच आहे. मात्र तिच्यामुळे राइट यांच्या लेखनातील नोकरी, पगार, पाळी, कर्ज यांसारख्या साध्या गोष्टींकडे काहीसे दुर्लक्ष होते. ‘लॉड टुडे!’मध्ये उघड विद्रोह नाही. आहे तो एका टपाल कारकुनाचा एक दिवस. त्यामुळे ही कादंबरी त्या दृष्टीच्या कडेलाच राहते.

प्रस्तुत लेखात या कादंबरीतील टपाल कार्यालयाचे चित्रण आणि टपालकामाच्या स्थलांतराचा इतिहास यांचा एकत्रित विचार केला आहे. कादंबरीने टपाल कार्यालयाला पिंजरा ठरवले; इतिहासकारांनी त्याला शिडी म्हटले. काम शहराबाहेर गेल्यानंतर मात्र या दोन्ही रूपकांना आधार देणारी एक तिसरी गोष्ट दिसू लागते. ती म्हणजे घर आणि काम यांमधील अंतर. हे अंतर लक्षात घेतल्याशिवाय कादंबरीचे वाचन पुरे होत नाही आणि स्थलांतराच्या धोरणाचे मूल्यमापनही पुरे होत नाही, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. कादंबरीतील टपाल कार्यालय

‘लॉड टुडे!’चा नायक जेक जॅक्सन हा मिसिसिपीतून शिकागोत आलेला कृष्णवर्णीय टपाल कारकून आहे. कादंबरीचा काळ एका दिवसाचा. तो दिवस १२ फेब्रुवारीचा, म्हणजे अब्राहम लिंकन यांच्या जयंतीचा आहे. दिवसभर रेडिओवर लिंकन आणि यादवी युद्ध यांविषयीचे कार्यक्रम चालू असतात. गुलामगिरीच्या अंताची गौरवगाथा एका बाजूने ऐकू येते आणि दुसऱ्या बाजूने कर्ज, जुगार, मद्य आणि राग यांत अडकलेला माणूस दिसतो. या विरोधातून कादंबरीतील उपरोध निर्माण होतो.

कादंबरीचे तीन भाग आहेत : ‘कॉमनप्लेस’, ‘स्क्विरल केज’ आणि ‘रॅट्स अ‍ॅली’. पहिल्या भागात जेकची सकाळ आहे. पत्नी लिल हिच्याशी भांडण आणि तिला मारहाण, आकड्यांच्या जुगाराचा अड्डा, केशकर्तनालय आणि मित्रांबरोबर पत्त्यांचा डाव असा तिचा क्रम आहे. तिसऱ्या भागात उसन्या पैशावरची रात्रीची मौज, फसवणूक आणि घरी परतल्यावरचा रक्तपात आहे. या दोहोंच्या मध्ये टपाल कार्यालयातील पाळी येते. या मधल्या भागाला राइट यांनी खारीच्या पिंजऱ्याचे नाव दिले. खार फिरत्या चाकात धावते, चाक फिरते, खार मात्र जागच्या जागी राहते. टपालाच्या वर्गवारीचे काम राइट यांना असे दिसले.

या भागाची रचना लक्षणीय आहे. जेक आणि त्याचे मित्र बॉब, स्लिम व अल हे चौघे एकाच कार्यालयात काम करतात. धूळ, कृत्रिम प्रकाश, पर्यवेक्षकांची नजर आणि न संपणारी पत्रे यांच्यामध्ये त्यांचे बोलणे चालू राहते. हळूहळू कोण बोलत आहे हे सांगणे लेखक थांबवतो. पानेच्या पाने नुसते संवाद येतात. बोलणारा ओळखू येत नाही. दक्षिणेकडील आठवणी, स्त्रिया, मुष्टियुद्ध, गोऱ्यांचा जुलूम असे विषय एकातून दुसऱ्यात मिसळत जातात. व्यक्तींचे आवाज पुसले जाऊन एक सामूहिक स्वर उरतो. यंत्रवत काम माणसाचे नाव हिरावून घेते, असा या तंत्राचा एक अर्थ आहे. मात्र त्याच कामाच्या टेबलाशी चार माणसांना एकत्र बोलण्याची जागा मिळते, हाही त्याचा अर्थ आहे. समीक्षेत पहिल्या अर्थावर भर दिला जातो. दुसऱ्या अर्थाचे महत्त्व ते टेबल तिथून हलवले जाते तेव्हा जाणवते.

कादंबरीतील आणखी एक धागा येथे महत्त्वाचा आहे. लिलने नवऱ्याविरुद्ध टपाल कार्यालयाकडे तक्रार केलेली असल्याने जेकची नोकरी धोक्यात आलेली आहे. ती वाचवण्यासाठी तो केशकर्तनालयाच्या मालकाच्या राजकीय ओळखीचा आधार घेतो आणि त्याकरिता पैशाची तजवीज करतो. येथे भ्रष्टाचाराचे चित्रण आहे, हे उघड आहे. परंतु लिलच्या बाजूने पाहिल्यास वेगळी गोष्ट दिसते. नवऱ्याच्या हिंसेविरुद्ध दाद मागावी अशी एकच संस्था तिच्या आवाक्यात आहे आणि ती म्हणजे नवऱ्याला पगार देणारे टपाल कार्यालय. तिचे आजारपण, वैद्याचे देणे आणि घरातील किराणा या सर्वांचा संबंध त्याच पगाराशी आहे. जेकला जो पिंजरा वाटतो, त्याच्या गजांना धरूनच लिल उभी आहे. कादंबरी हे स्पष्टपणे सांगत नाही. परंतु तिच्या घटनाक्रमातून ते निष्पन्न होते.

२. कादंबरीबाहेर राहिलेली शिडी

राइट यांनी हे कार्यालय आतून पाहिले होते. १९२७ च्या अखेरीस ते शिकागोत आले आणि पुढील वर्षी टपाल कार्यालयात हंगामी कामाला लागले. ठरावीक वजन नसल्यामुळे वैद्यकीय तपासणीत ते एकदा नापास झाले. नंतर वजन वाढवून ते उत्तीर्ण झाले. महामंदीमुळे काम कमी झाले आणि ही नोकरी गेली. मात्र याच कार्यालयात त्यांची साहित्य-राजकारणाची आवड असलेल्या सहकाऱ्यांशी ओळख झाली. त्यांतील एका गोऱ्या मित्राने त्यांना ‘जॉन रीड क्लब’ या डाव्या लेखक-कलावंतांच्या संघटनेची वाट दाखवली. राइट यांच्या लेखकपणाची जडणघडण तेथून सुरू होते. १९३७ मध्ये टपाल खात्यातील कायम नोकरी मिळत असताना ती नाकारून ते न्यू यॉर्कला गेले.

या चरित्रात्मक तपशिलांचा कादंबरीशी ताळा पाहिल्यास एक उणीव दिसते. ज्या टपाल कार्यालयाने राइट यांना वाचन, चर्चा आणि संघटना यांच्या संपर्कात आणले, ते कार्यालय कादंबरीत जवळजवळ नाहीच. जेक आणि त्याचे मित्र पुस्तके वाचत नाहीत, संघटनेत नाहीत, रात्रशाळेत जात नाहीत. अशी माणसे त्याच टेबलांवर होती, याचा पुरावा स्वतः लेखक आहे. राइट यांनी स्वतःलाच कादंबरीतून वगळले, असे म्हणता येईल. निसर्गवादी कादंबरीच्या तर्काला हे वगळणे आवश्यक होते, कारण पिंजऱ्यातून बाहेर पडलेली एक खार दाखवली तर पिंजऱ्याचे रूपक ढिले पडते. वाङ्मयीन निवड म्हणून ती समजू शकते. परंतु तिच्यामुळे कादंबरीतील वास्तव एकांगी झाले आहे, हेही नोंदवले पाहिजे.

ही दुसरी बाजू इतिहासकार फिलिप रुबिओ यांनी मांडली आहे. रुबिओ स्वतः पूर्वी पोस्टमन होते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाच्या शीर्षकाचा आशय, टपाल कार्यालयात काम हमखास मिळते, असा आहे. या समजुतीला मोठा इतिहास आहे. १८०२ च्या कायद्याने टपाल वाहण्याचे काम गोऱ्यांपुरते मर्यादित केले होते. हे बंधन १८६५ मध्ये उठले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, वुड्रो विल्सन यांच्या कारकिर्दीत, टपाल खात्यात वर्णभेद पुन्हा बळावला. नोकरीच्या अर्जासोबत छायाचित्र जोडण्याची अट आली आणि ती १९४० पर्यंत टिकली. याच काळात, १९१३ मध्ये, कृष्णवर्णीय रेल्वे टपाल कारकुनांनी आपली स्वतंत्र राष्ट्रीय संघटना उभारली. लेखी परीक्षा, निश्चित वेतनश्रेणी आणि निवृत्तिवेतन यांमुळे टपालाची नोकरी ही खाजगी उद्योगांनी दारे बंद केलेल्या सुशिक्षित कृष्णवर्णीयांसाठी मध्यमवर्गात जाण्याची शिडी ठरली. पदवीधर माणूस पत्रे वेगळी करीत बसतो, हे त्या समाजाचे दुर्दैव होते. त्याच पगारातून त्याची मुले महाविद्यालयात जात होती, हेही तितकेच खरे होते.

शिकागोत या वाटचालीचा एक टप्पा १९६६ मध्ये आला. हेन्री मॅक्गी हे शहराचे पहिले कृष्णवर्णीय पोस्टमास्टर झाले. त्यांनी १९६१ मध्ये शिकागो विद्यापीठात शिकागोच्या टपाल कार्यालयातील कृष्णवर्णीयांवरच प्रबंध लिहिला होता. म्हणजे राइट यांच्या कादंबरीतील कार्यालयावर त्याच कार्यालयातील माणसाने लिहिलेला हा दुसरा ग्रंथ होय. एका ग्रंथात चाकात फिरणारी खार आहे, तर दुसऱ्याचा लेखक पुढे त्याच कार्यालयाच्या प्रमुखपदी पोचला. ही दोन्ही लेखने शेजारी ठेवून वाचली पाहिजेत.

३. १९६६ : दोन घटना, एक शहर

मॅक्गी यांच्या नियुक्तीच्याच वर्षी शिकागोत आणखी दोन घटना घडल्या. त्यांचा एकत्र उल्लेख क्वचितच होतो. उन्हाळ्यात मार्टिन ल्यूथर किंग यांनी घरभाड्यातील आणि घरविक्रीतील वर्णभेदाविरुद्ध गोऱ्या वस्त्यांतून मोर्चे काढले; ५ ऑगस्ट रोजी मार्केट पार्क येथे त्यांना दगड लागला. सप्टेंबरमध्ये शहराला लागून असलेल्या सिसेरो या उपनगरात मोर्चा गेला तेव्हा मोठा बंदोबस्त ठेवावा लागला. याच सिसेरोत १९५१ मध्ये एका कृष्णवर्णीय कुटुंबाने भाड्याने घर घेतले म्हणून दंगल झाली होती आणि नॅशनल गार्डला पाचारण करावे लागले होते. शिकागोभोवतीची उपनगरे कोणासाठी खुली आहेत आणि कोणासाठी नाहीत, हे १९६६ च्या उन्हाळ्यात साऱ्या देशाने पाहिले.

ऑक्टोबरमध्ये शिकागोच्या मुख्य टपाल कार्यालयातील काम ठप्प झाले. सुमारे १ कोटी पत्रे व पार्सले तुंबून राहिली. ही इमारत ग्रॅहम, अँडरसन, प्रॉब्स्ट अँड व्हाइट या वास्तुविशारद संस्थेने आखलेली होती आणि १९३०च्या दशकाच्या प्रारंभी तिचा विस्तार झाला होता. सिअर्स आणि माँटगोमेरी वॉर्ड या टपालाद्वारे विक्री करणाऱ्या शिकागोतील कंपन्यांच्या प्रचंड टपालासाठी ती बांधलेली होती. रेल्वेमार्गांच्या सान्निध्यामुळे तिची जागा निश्चित झाली होती. टपाल रेल्वेने येई, उद्वाहनांनी मजल्यांवर चढे, तेथे वेगळे होऊन पुन्हा खाली उतरे. टपालवाहतूक रेल्वेकडून मालमोटारी व विमाने यांच्याकडे गेली, तेव्हा शहराच्या गर्दीतली बहुमजली इमारत अडचणीची ठरू लागली.

या कोंडीचा राष्ट्रीय परिणाम झाला. अध्यक्ष जॉन्सन यांनी फ्रेडरिक कॅपेल यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. टपाल खाते महामंडळाच्या धर्तीवर चालवावे, अशी शिफारस या आयोगाने १९६८ मध्ये केली. मार्च १९७० मध्ये न्यू यॉर्कमधून सुरू झालेल्या संपात देशभरातील सुमारे २ लाख टपाल कामगार उतरले. ऑगस्ट १९७० मध्ये पुनर्रचनेचा कायदा झाला आणि १ जुलै १९७१ पासून नवी टपाल सेवा अस्तित्वात आली. तिने हाती घेतलेल्या पहिल्या मोठ्या योजनांपैकी एक म्हणजे पार्सले आणि घाऊक टपाल यांसाठीच्या २१ यांत्रिक केंद्रांचे जाळे. त्यावर सुमारे १ अब्ज डॉलर खर्च झाले. महामार्गाजवळ, मोकळ्या जमिनीवर ही केंद्रे उभी राहिली. न्यू यॉर्कचे केंद्र नदीपलीकडे न्यू जर्सीत, जर्सी सिटी येथे गेले. शिकागोचे केंद्र पश्चिमेकडील फॉरेस्ट पार्क या उपनगरात. फॉरेस्ट पार्क हे सिसेरोपासून फार दूर नाही.

शहराची ऑक्टोबरमधील अडचण सोडवताना त्याच शहराची ऑगस्टमधील अडचण विचारात घेतली गेली नाही, ही या इतिहासातील कळीची गोष्ट आहे. काम कोठे न्यावे याचा हिशेब जमिनीची किंमत, महामार्ग आणि यंत्रे यांवर झाला. काम करणारा माणूस त्या कामाच्या जवळ राहायला जाऊ शकतो का, हा प्रश्न त्या हिशेबात गौण राहिला. तो प्रश्न माहीत नव्हता, असेही म्हणता येत नाही. अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाने १९७० मध्येच केंद्र शासनाच्या कार्यालयांचे स्थान आणि निवासाची समान संधी यांवर स्वतंत्र अहवाल दिला होता. १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी केंद्रीय कार्यालयांसाठी शहराच्या मध्यवर्ती भागाला प्राधान्य देणारा आदेश काढला. तोवर घाऊक टपाल केंद्रे उभी राहून चालूही झाली होती.

४. अंतराचा सिद्धांत

अर्थशास्त्रात हा प्रश्न जॉन केन यांनी १९६८ च्या एका निबंधात मांडला. त्यांची सामग्री शिकागो आणि डेट्रॉइट या दोन शहरांची होती. कृष्णवर्णीयांना ठरावीक वस्त्यांतच राहावे लागते आणि रोजगार मात्र बाहेर सरकतो, त्यामुळे त्यांच्या वाट्याच्या नोकऱ्या घटतात, असे त्यांचे म्हणणे होते. एकट्या शिकागोत ही घट २० हजारांहून अधिक असावी, असा त्यांचा अंदाज होता. पुढे १९९६ मध्ये जेफ्री झॅक्स आणि केन यांनी डेट्रॉइटमधून १९७४ मध्ये उपनगरात गेलेल्या एका कंपनीच्या कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अंतर वाढल्यावर गोऱ्या कामगारांनी घर बदलण्याकडे कल दाखवला. कृष्णवर्णीय कामगारांमध्ये नोकरी सोडण्याचे प्रमाण वाढले. एकाच स्थलांतराचा दोन वर्णांच्या माणसांवर असा भिन्न परिणाम झाला. त्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ विल्यम ज्युलियस विल्सन यांनी शिकागोतील वस्त्यांतून काम नाहीसे झाल्यावर कुटुंब, शेजार आणि दिनक्रम यांची वीण कशी उसवते, याचे विवेचन केले.

हा निष्कर्ष टपाल खात्याला जसाच्या तसा लावणे बरोबर ठरणार नाही. टपाल कामगाराला बदलीचे हक्क होते, संघटना होती, ज्येष्ठतेचे नियम होते. फॉरेस्ट पार्कपर्यंत शहरी रेल्वे जाते. सर्व केंद्रांच्या बाबतीत तसे नव्हते. टपाल सेवेतील कृष्णवर्णीयांचे प्रमाण स्थलांतरानंतरही एकूण लोकसंख्येतील त्यांच्या प्रमाणाहून जास्तच राहिले. म्हणून स्थलांतराने शिडी मोडली असे सरसकट विधान करता येणार नाही. शिडीचा पाया वस्तीपासून दूर गेला आणि तिच्यापर्यंत पोचण्याचा खर्च कामगाराच्या अंगावर पडला, असे म्हणणे अधिक नेमके ठरेल. वाहन, इंधन, पहाटेचा किंवा मध्यरात्रीचा प्रवास, मुलांना सांभाळण्याची सोय यांपैकी काहीही कार्यक्षमतेच्या ताळेबंदात येत नाही.

५. अंतराच्या प्रकाशात कादंबरी

हा सिद्धांत हाती घेऊन ‘लॉड टुडे!’कडे परतल्यास तिची एकदिवसीय रचना वेगळी दिसते. या रचनेवर जेम्स जॉइस यांच्या ‘युलिसिस’चा प्रभाव दाखवला जातो, तसेच टी. एस. एलियट यांच्या ‘द वेस्ट लँड’शी असलेले नातेही दाखवले जाते. ते योग्य आहे. परंतु ही रचना एका भौतिक परिस्थितीवरही उभी आहे. जेकचे घर, जुगाराचा अड्डा, केशकर्तनालय, मित्राचे घर आणि रात्रीचे मौजेचे ठिकाण हे सर्व साउथ साइड या कृष्णवर्णीय वस्तीत आहे आणि टपाल कार्यालय तेथून जाण्यायेण्याच्या टप्प्यात आहे. दुपारी सुरू होणारी पाळी संपवूनही त्याला संध्याकाळ उरते. एवढ्या घटना एका दिवसात मावतात, कारण अंतर कमी आहे.

जेक ही उरलेली वेळ उधळतो. त्याच वस्तीत राहणारा, तेच काम करणारा तरुण राइट आपली मोकळी वेळ वाचनात घालवत होता. मोकळी वेळ कशी वापरावी हे व्यक्तीवर अवलंबून असले, तरी ती वेळ मिळणे हे कामाच्या जागेवर अवलंबून असते. काम दूर गेले की प्रथम ही वेळ जाते. वाचन, बैठक, रात्रशाळा, पत्त्यांचा डाव आणि शेजाऱ्याशी गप्पा यांतले जे असेल ते तिच्यासोबत जाते. खारीचे चाक उपनगरातही तसेच फिरते. तेथे ते यंत्राच्या गतीने फिरू लागले. पिंजऱ्यातील जाच कायम राहिला आणि पिंजऱ्याबाहेरचा दिवस आखूड झाला. राइट यांनी कामाच्या जाचावर बोट ठेवले. मात्र कामाच्या जवळिकीचे मोल त्यांच्या कादंबरीत गृहीत धरलेले आहे. त्यांच्या काळात ती जवळीक इतकी स्वाभाविक होती की ती वेगळी सांगण्याची गरज पडली नाही.

लिलच्या बाबतीतही असेच म्हणता येईल. तिची तक्रार कार्यालयापर्यंत पोचते, कारण कार्यालय तिच्या शहरात आहे आणि तेथील माणसे, मध्यस्थ व वशिले वस्तीला ठाऊक आहेत. हा वशिला तिच्याविरुद्ध वापरला जातो, हे खरे. तरीही संस्था आणि वस्ती यांचे एकमेकांना ओळखणे हे न्यायाचे किमान साधन असते. महामार्गालगतच्या केंद्राला असा शेजार नसतो.

६. आजचे संदर्भ

हा विषय इतिहासजमा झालेला नाही. मार्च २०२१ मध्ये अमेरिकी टपाल सेवेने दहा वर्षांची पुनर्रचना योजना जाहीर केली. विखुरलेली वर्गवारीची कामे मोठ्या प्रादेशिक केंद्रांत एकत्र आणणे हा तिचा एक भाग होता. व्हर्जिनियातील रिचमंडजवळ सँडस्टन येथे २०२३ मध्ये आणि जॉर्जियातील अटलांटाच्या नैर्ऋत्येस पामेटो येथे २०२४ च्या प्रारंभी अशी केंद्रे सुरू झाली. पामेटोचे केंद्र सुरू झाल्यानंतर अटलांटा परिसरात टपालाचा बटवडा मोठ्या प्रमाणावर विस्कळीत झाला. एप्रिल २०२४ मध्ये सिनेटच्या सुनावणीत जॉर्जियाचे सिनेटर जॉन ऑसॉफ यांनी त्यावरून तत्कालीन पोस्टमास्टर जनरल लुई डिजॉय यांना धारेवर धरले. त्याच वर्षी मे महिन्यात, सिनेटरांच्या आक्षेपानंतर, पुढील काही स्थलांतरे जानेवारी २०२५ पर्यंत स्थगित करण्यात आली. मार्च २०२५ मध्ये डिजॉय पदावरून दूर झाले.

या प्रकरणावरील चर्चेत पत्रे वेळेवर पोचतात की नाही, यावर भर होता. ग्राहकाच्या दृष्टीने तो रास्तच आहे. १९७०च्या दशकाशी सरळ तुलनाही टाळली पाहिजे; अटलांटाच्या दक्षिणेकडील उपनगरांत आज कृष्णवर्णीयांची वस्ती मोठी आहे आणि उपनगर म्हणजे गोऱ्यांचे गाव हे समीकरण तेथे लागू पडत नाही. तरीही विचाराची पद्धत जुनीच राहिली आहे. नकाशावर एक बिंदू निवडला जातो, यंत्रे बसवली जातात आणि माणसांनी त्या बिंदूपर्यंत आपापल्या सोयीने यावे असे धरले जाते. पामेटोच्या अनुभवाने दाखवले की ज्या कार्यक्षमतेसाठी हे केले जाते, तीही त्यातून आपोआप मिळत नाही.

शिकागोच्या जुन्या इमारतीची पुढील कथा बोलकी आहे. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात टपालाचे काम जवळच्या नव्या इमारतीत गेले आणि जुनी इमारत दीर्घकाळ रिकामी राहिली. २०१६ मध्ये ती विकसकांनी घेतली आणि २०१९ पासून तेथे मोठ्या कंपन्यांची कार्यालये सुरू झाली. शहराच्या मध्यभागी असणे ही टपालाच्या बाबतीत अडचण मानली गेली होती. नव्या कंपन्यांनी त्याच कारणासाठी भाडे मोजले. मध्यवर्ती जागेचे मोल नाहीसे झाले नव्हते. त्या मोलाचा लाभ कोणाला मिळावा, एवढेच बदलले.

समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१) ‘लॉड टुडे!’मधील टपाल कार्यालयाचे पिंजरा हे रूपक कामाच्या स्वरूपापुरते यथार्थ आहे. त्या कामाने वस्तीला, कुटुंबाला आणि स्वतः लेखकाला जे दिले, ते या रूपकात मावत नाही.

२) टपाल नोकरी ही कृष्णवर्णीयांच्या उन्नतीची शिडी होती, हे इतिहासकारांचे मत कादंबरीला खोडून काढत नाही, ते तिला पूरक ठरते. एकच नोकरी एकाच वेळी पिंजरा आणि शिडी असू शकते.

३) या दोन्ही रूपकांना घर आणि काम यांमधील कमी अंतराचा आधार होता. टपालकामाच्या उपनगरांकडील स्थलांतराने हा आधार हलला. त्याचा भार सर्वांवर सारखा पडला नाही, कारण घर निवडण्याचे स्वातंत्र्य सर्वांना सारखे नव्हते.

४) मध्यवर्ती इमारतींच्या अडचणी खऱ्या होत्या, १९६६ ची कोंडी काल्पनिक नव्हती. स्थलांतर करावे की करू नये, एवढ्यावर चर्चा थांबवू नये. कामगाराच्या प्रवासाचा, वेळेचा आणि निवासाचा हिशेब कार्यक्षमतेच्या हिशेबात धरला जातो की नाही, ही या धोरणाची कसोटी मानली पाहिजे.

५) वाङ्मयसमीक्षेने श्रमविषयक साहित्य वाचताना कामाची जागा ही केवळ पार्श्वभूमी मानू नये. पात्राच्या दिवसाची लांबी, त्याचे संवाद आणि त्याची एकाकी अवस्था यांचा त्या जागेशी प्रत्यक्ष संबंध असतो. ‘लॉड टुडे!’मध्ये चार कारकुनांचे आवाज एकमेकांत मिसळतात, ते एका टेबलाभोवती ते एकत्र आहेत म्हणून. ते टेबल कोठे होते, हा प्रश्न कादंबरीच्या अर्थाचा भाग आहे.